शेंदराखालची बरची

कातळवाडीच्या भैरोबाच्या देवळात, आतल्या भिंतीला दोन लाकडी खुंट्यांवर, एक बरची आडवी ठेवलेली आहे. दांडाही लोखंडाचा आणि पातंही लोखंडाचं. लाकूड तिला कुठेच नाही. ही भोसकायची बरची नव्हे, फेकायची. चैत्रातल्या जत्रेत ती देवळाच्या पारावरून ओढ्यापलीकडे फेकतात. फेकण्याचा मान म्हसू कोकऱ्याच्या घराचा होता. तो मान कसा गेला, ते मला लिहायचं आहे.

म्हसू जातीनं धनगर. उंच, काटक, लांब हातांचा आणि कमी बोलणारा. देवळामागच्या माळावर त्याचं खोपट होतं. आमच्याकडच्या पावसात मेंढरं टिकत नाहीत, म्हणून त्याच्याकडे शेळ्याच जास्त होत्या. घरात तो आणि बायको तुकाबाई. एकुलती मुलगी जया, ती मुठा गावी दिलेली. खाली ओढ्याच्या दोन्ही काठांची भातखाचरं, पलीकडचं एक देवाचं खाचर सोडून, पाटलांच्या भावकीची, आणि वरचा माळ देवाचा. देवाच्या माळावर कोकऱ्यांनीच का राहायचं, असं नव्यानं आलेल्या कुणी विचारलं तर जुनी माणसं बरचीकडे बोट दाखवत. जो फेकील त्याचा माळ. त्याचा कागद कुठेही नव्हता आणि तोवर कुणाला तो लागलाही नव्हता.

बरची म्हसूच्या मूळपुरुषाची, धुळाजीची. धुळाजी घाटमाथ्यावरच्या चौकीत होता. चौकीतली ती माणसं म्हणजे कुणी सरदार नव्हेत. घोडा नाही, चिलखत नाही. शेरडं राखणारेच, पण घाटाची वाट राखायला ठेवलेले. ढाल नसायची म्हणून डाव्या हाताला घोंगडी गुंडाळायचे. कोकणातून घोडेस्वार वर चढू लागले की ही माणसं कड्याच्या तोंडाशी उभी राहून बरच्या फेकायची. दगड घरंगळत जातो, तो कुठेही जाईल. बरची सांगितल्या जागी जाते. धुळाजीबद्दल आणखी एक गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ होती. त्यानं फेकलेली बरची शत्रूला लागली की आपोआप त्याच्या हातात परत यायची. भैरोबाचा प्रसाद होता तो. त्याच्यानंतर कुणाच्याच हातात ती परत आली नाही, पण गोष्टीवर कुणाचा संशय नव्हता.

जत्रेत बरची ओढ्यापलीकडच्या देवाच्या खाचरात रुतली पाहिजे. जिथे रुतेल तिथली मूठमूठ माती घरोघरी नेतात आणि राब भाजल्यावर, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळल्यावर, त्यात टाकतात. मग पाऊस लागला की त्याच राबात भाताचं बी पेरायचं. ही माती पडल्याशिवाय रोप नीट उतरत नाही, हा वाडीचा विश्वास. म्हणजे बरची ही काही नुसती जत्रेतली गंमत नव्हती. तिच्यामागून वर्षभराचं जेवण यायचं.

म्हसूला फेक बापानं शिकवली. आधी काठीनं, मग पहारीनं. बाप सांगायचा, "नजर खाचरावर ठिवू नगं. खाचराच्या वरच्या आभाळावर ठिव. लोखंडाला खाली यायचं कळतं, त्येला शिकवावं लागत न्हाई." बरचीच्या दांड्यावर एके ठिकाणी, मध्यापासून जरा पुढे, लोहारानं लोखंड तापवून दोरखंडासारखं पिळलेलं आहे. हात घसरू नये म्हणून. पकड तिथेच घ्यायची, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच घेत आलेले. जत्रेच्या आदल्या दिवशी म्हसूचा बाप त्या पिळाला दोरी बांधून बरची देवळाच्या तुळईला टांगायचा आणि ती आडवी राहते का ते बघायचा. संथ पाण्यासारखी आडवी राहिली की म्हणायचा, "जाग्यावर हाय." बाप गेल्यावर म्हसूनं हे सोडून दिलं. बापाची ती एक सवय होती असं त्याला वाटायचं. लोखंडाचा तोल कशानं बदलणार?

या बरचीला वाडी शेंदूर लावायची. जत्रा झाली की नव्यानं लग्न झालेली जोडपी, नवस फिटलेली माणसं, सगळी तेलात कालवलेला शेंदूर पात्याला लावत. बायकांनी बरची उचलायची नाही असा दंडक होता, पण खुंट्यांवर असताना पात्याला शेंदूर लावायला त्यांना मुभा होती. मुळात पातं बांबूच्या पानाएवढं असावं. थरावर थर चढून ते मक्याच्या कणसासारखं गुबगुबीत झालं होतं. दांड्याच्या शेपटाकडेही फार जुन्या शेंदराची लिंबाएवढी घट्ट गाठ होती. ती लोखंडाचीच आहे असं सगळे धरून चालत. पातं असं सुजलेलं पाहून कुणाला वावगं वाटलं नाही. उलट लोक समाधानानं म्हणत, "देव भरला."

पहिल्यांदा बरची कमी पडली ती चीनच्या लढाईच्या आदल्या चैत्रात. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन ती बांधावर आदळली आणि ओढ्यात घसरली. ओढा त्या दिवसांत कोरडाच, दगडगोट्यांचा, मधेमधे डबकी. नेमकी एका डबक्यात पडली. मग पारावरून वाडीतला टवाळ नथू म्हणाला, "तात्या, देवाला पाणी पाजाय उतरीवलं व्हय?" माणसं हसली, म्हसूही हसला, आणि त्या वर्षीची माती बांधावर जिथे बरची टेकली होती तिथून घेतली.

पण मागाहून कुजबुज झाली. देव नाराज असेल. मग नाराज देवाला जे करायचं तेच वाडीनं केलं. त्या वर्षी घरटी शेंदूर चढला. तुकाबाईनं तर नवस बोलला, पुढच्या जत्रेपर्यंत दर रविवारी पात्याला शेंदूर लावीन. गुरव कुशाबा सकाळी देऊळ उघडायचा तेव्हा ती वाटी घेऊन पायरीवर उभी असायची. "आलीस बाई?" तो म्हणायचा. "आले, दादा. त्याच्या हाताला बळ मागाय आले."

पुढच्या चैत्रात बरची सरळ ओढ्याच्या मध्यात पडली. त्याच्या पुढच्या चैत्रात अलीकडच्या काठाजवळ. आणि प्रत्येक वेळी वाडी घाबरून आणखी शेंदूर चढवत गेली, तुकाबाई आपला नवस दर साली वाढवत गेली. आता हे लिहिताना सरळ दिसतं. पुढचं टोक जड झालं की फेकलेली वस्तू लवकर नाक खाली घालते, आणि पकड मात्र तीच जुनी. फेक तोकडी पडली म्हणून शेंदूर, आणि शेंदूर चढला म्हणून फेक तोकडी. एखाद्या यंत्रात चाकानं चाक फिरावं तसं हे चाललं होतं. पण त्या वेळी वाडीत कुणी असा विचार केला नाही, आणि म्हसूनं तर मुळीच नाही. बरची हाताला जड लागते हे त्याला जाणवत होतं. ते तुकाबाईजवळ बोललाही तो. तिनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "घागर तीच ऱ्हाती. वय वाढतं तशी जड लागती."

मग त्यानं एक गोष्ट केली, आणि त्यामुळे त्याचं आणखीच बिघडलं. माळावर त्यानं पहार फेकून पाहिली. दिवसचे दिवस, शेळ्या चरत असताना. पहार चांगली लांब जात होती, तरुणपणी जायची तितकीच. म्हणजे हात शाबूत होता. आता हात शाबूत आणि बरची तर देवाची, तिच्यात खोट असणार नाही. मग उरलं काय? उरला तो स्वतः. त्यानं आपला दोष शोधायला सुरुवात केली. एका पावसाळ्यात देवळाच्या आडोशाला शेळी व्यायली होती, ते चाललं नसेल. बापाच्या दिवसाला त्या वर्षी घरात धान्य नव्हतं. जयाच्या लग्नात देवाला आधी अक्षत द्यायची राहिली की काय? तुकाबाई आपल्याकडचे दोष काढायची. दोघं बसून असे दोष निवडत, तांदळातले खडे निवडावेत तसे, आणि कुठलाच खडा पुरेसा मोठा वाटत नसे.

पासष्टच्या जत्रेआधी कोंडाजी पाटलांनी त्याला पारावर बोलावून घेतलं. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावर वाडीचा दाब होता; गेल्या सालचं रोप पिवळं पडलं होतं आणि लोक त्याचं कारण ओढ्यातल्या मातीत शोधत होते.

"म्हसू, औंदा पल्याड गेलीच पायजे."

"जाईल, पाटील."

"गेल्या सालीबी जाईल म्हनला व्हतास."

"त्या साली माजं मन ठिकाणावर नव्हतं."

"मन तुजं असंल बाबा, पोटं सगळ्यांची हायेत," पाटील म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. बोलणं संपलं असा त्याचा अर्थ.

त्या जत्रेत म्हसू नेहमीच्या जागेहून खूप मागे गेला, देवळाच्या ओसरीपर्यंत, आणि तिथून धावत आला. असा तो कधी धावत नसे. पाराच्या कडेला पाय रोवला आणि अंगातलं सगळं बळ खांद्यातून सोडलं. जवळ उभ्या असलेल्यांना त्याच्या खांद्यातून आवाज ऐकू आला, ओली फांदी मोडावी तसा. बरची वर गेलीच नाही. ती पारासमोरच्या उताराला, बायका बसल्या होत्या तिथे आली. रत्नाबाईच्या मांडीशेजारी मातीचा तांब्या होता, त्याचे तुकडे उडाले. रत्नाबाईला काही झालं नाही. ती उठली, लुगड्यावरचं पाणी झटकलं आणि घरी निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या. जत्रा तिथेच मोडली; माती मागाहून उताराचीच नेली.

म्हसू पारावर गुडघ्यावर बसला होता, उजवा हात डाव्यानं धरून. पाटील त्याच्याजवळ आले. "फुडल्या साली गेणबा टाकंल," ते म्हणाले. गेणबा त्यांचा पुतण्या, पुण्याच्या तालमीत राहून आलेला, पंचक्रोशीत नाव असलेला पैलवान.

"आन्‌ माळ?" म्हसूनं विचारलं.

"माळाचं मागनं बघू."

या ‘मागनं बघू’वर म्हसू आणि तुकाबाई वर्षभर जगली. हाडवैद्यानं लेप दिले, हात गळ्यात बांधला. पाऊस आला, गेला. हात खांद्याच्या वर जाईना. शेळ्यांसाठी झाडावरचा पाला तोडायचं कामसुद्धा तुकाबाईकडे आलं. रोप त्या वर्षी बरं आलं होतं, आणि याचं म्हसूला बरंही वाटलं आणि वाईटही. मग ओढा असो की उतार, माती कुठलीही चालते की काय? असं मनात आलं की तो स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा. डाव्या हातानं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. विळे, कोयते, पहारी, नांगराचे फाळ सगळे धुऊन मांडायचे, आणि देवळातली बरचीही खाली काढायची. ते काम अजून कोकऱ्यांचंच होतं. पाटलांनी फेक काढून घेतली होती, पूजेचं कुणी काही बोललं नव्हतं. म्हसू गेला. एका हातानं बरची खुंट्यांवरून उतरवणं त्याला जमेना, म्हणून त्यानं तुळईवरून दोरी टाकली, तिचं टोक पिळाला बांधलं आणि बरची हळूच खुंट्यांवरून सोडली. विचार इतकाच की दोरीनं बेतानं खाली घेता येईल.

बरची डोक्यावर घाव बसल्यासारखी खाली वाकली. शेपूट वर छताकडे, पातं जमिनीकडे, आणि तशीच लटकत राहिली.

म्हसू तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं शेपटाला हात लावून ती आडवी केली आणि हात सोडला. पुन्हा वाकली. त्याच तुळईला, त्याच पिळाला दोरी बांधून त्याचा बाप टांगायचा तेव्हा ही बरची पाण्यासारखी आडवी राहायची, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. त्यानं पात्यावर बोटं फिरवली. थराखाली थर. वरचे थर अजून मऊ होते. हे वरचे कुणाचे, ते त्याला ठाऊक होतं.

घरी येऊन त्यानं तुकाबाईला सांगितलं. रागावून नाही, नुसतं जे दिसलं ते. ती चुलीपुढे बसली होती. खूप वेळ ती फुंकणी हातात धरून बसून राहिली, आणि चूल विझली तरी तिनं फुंकलं नाही.

"म्या बळ मागत व्हते," ती म्हणाली.

"ठावं हाय."

"म्हंजी तुमचा हात म्याच मोडला."

"तसं म्हनू नगंस."

"मग कसं म्हनू?"

मग तीच म्हणाली, "पाटलास्नी सांगा. खोळ काढू द्या. देवाची खोळ पडती कवाकवा, आपूणच काढू."

देवाच्या अंगावरचं शेंदराचं कवच खूप वर्षांनी आपणहून गळून पडतं, त्याला खोळ पडणं म्हणतात. तशी पडली तर शुभ. माणसानं काढली तर काय, हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसं कुणी केलं नव्हतं.

म्हसू म्हणाला, "सांगून काय हुईल ते इचार कर. खोळ निघंल, बरची हलकी हुईल. माजा हात तर गेला. गेणबा टाकंल आन्‌ ती पार पल्याड जाईल. मान त्येचा, माळ त्येचा."

"आन्‌ न्हाई सांगितलं तर?"

"तर गेणबाचीबी वड्यात पडंल. मग कोकऱ्यांचाच दोष न्हवता, हे लोकास्नी कळंल."

तुकाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याला असं लांबचं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्या रविवारी ती शेंदूर घेऊन देवळात गेली नाही. कुशाबानं विचारलं तर बरं वाटत नाही म्हणाली.

माघात गेणबा स्वतः माळावर आला. आडदांड, कान चिरडलेले, पण वागायला मऊ. बरोबर गूळ-शेंगदाणे घेऊन आला होता. खोपटाबाहेर दगडावर बसला.

"तात्या, राग हाय काय माज्यावर?"

"तुज्यावर कशाला?"

"चुलत्यानं सांगितलं, आता न्हाई कसं म्हनायचं. पर कुस्तीचं येगळं आन्‌ ह्ये येगळं. तुमी मला दावा. धरायची कुटं, पाय कसा टाकायचा."

म्हसूनं त्याला पाय दाखवला. डोळा आभाळावर ठेवायचं सांगितलं. डाव्या हातात काठी घेऊन कंबर कशी वळते ते दाखवलं. गेणबानं मन लावून केलं. जाताना त्यानं पुन्हा विचारलं, "आन्‌ धरायची पिळावरच ना?"

शेळी ओरडत होती, तिकडे म्हसूनं पाहिलं.

"पिळावरच धर," तो म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. बापानं त्याला हेच सांगितलं होतं आणि त्याच्या बापानं बापाला. पण गेणबा उतरून गेल्यावर तुकाबाई खोपटाच्या दारातून म्हणाली, "त्याचाबी खांदा माज्याच नावावर लावता व्हय?" आणि आत गेली. त्या दिवसापासून दोघांमधलं बोलणं कामापुरतं उरलं. जेवाय वाढू का. शेळी आली का. म्हसू रोज संध्याकाळी माळाच्या टोकाला जाऊन बसू लागला. तिथून खाली गेणबा खाचरात पहार फेकून सराव करताना दिसायचा. पोरगा चुकत नव्हता. पाय नीट टाकत होता, नजर वर ठेवत होता. जसं शिकवलं तसंच.

सहासष्टच्या चैत्रात जत्रा भरली. यंदा पुतण्या फेकणार म्हणून पाटलांचे पाहुणे कोळवणहून, पौडहून आले होते. पैलवानाचा हात, ओढा काय आणि डोंगर काय, असं बोलणं चाललं होतं. त्या भरवशावर लोक उताराला पार खाली, ओढ्याच्या काठापर्यंत बसले होते. मागल्या साली बरची कुठे आली हे कसं कोण जाणे सगळे विसरले होते. रत्नाबाईसुद्धा आली होती. मांडीवर नातू.

कुशाबानं बरची आणून गेणबाच्या हातात दिली. गेणबानं पिळावर पकड घेतली, खांद्यावर तोलली, आणि त्याच्या चेहऱ्यावर किंचित शंका आली. पैलवानाच्या हाताला वजन कळतं. त्यानं म्हसूकडे पाहिलं. म्हसू पाराच्या खाली उभा होता. पण पारावर बरची असताना बोलायचं नसतं, म्हणून गेणबा काही न बोलता मागे सरला.

म्हसू उताराकडे बघत होता. त्याला बरचीची वाट दिसत होती, जशी त्याला आयुष्यभर दिसत आली. कुठे वर चढेल, कुठून वाकेल, कुठे येईल.

"थांब गेणबा," तो म्हणाला.

लोकांनी माना वळवल्या. पाटलांच्या कपाळावर आठी आली. "म्हसू, ही येळ न्हवं."

"बरचीचा तोल ऱ्हायला न्हाई, पाटील. शेंदरानं पुढनं जड झालीया. टाकली तर बायकांत येईल."

कुणीतरी हसलं. नथू म्हणाला, "तात्या, नाचता येईना अंगण वाकडं, ह्ये ऐकलं व्हतं. पर दुसऱ्याच्या नाचात आपलं अंगण वाकडं म्हंजी लईच झालं." हशा पिकला. म्हसू हसला नाही. त्यानं कमरेची दोरी सोडली आणि डाव्या हातानं पुढे केली.

"पिळाला बांधून टांगा. आडवी ऱ्हायली तर मी आजच माळ सोडतो."

माळाचं नाव निघाल्यावर हशा थांबला. गेणबानंच दोरी घेतली, बांधली, आणि हात उंच करून बरची सगळ्यांसमोर धरली. तिनं खाली मुंडी घातली. त्यानं ती हलवून आडवी केली, सोडली. पुन्हा घातली. उताराला बसलेली माणसं न सांगता उठू लागली.

"ठावं कवापास्नं हाय तुला?" पाटलांनी विचारलं.

"खंडेनवमीपास्नं."

गेणबानं त्याच्याकडे पाहिलं. म्हसूला ते पाहणं पुरलं.

पाटील गुरवाकडे वळले. "कुशाबा, खोळ काढाय येती का?"

"देव टाकंल तवा निघती. माणसानं काढायची रीत न्हाई."

गर्दीतून तुकाबाई पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट ओढला होता. "दादा, ह्यातलं निम्मं देवावर म्या चढीवलं. दर रविवारी तुमीच दार उघडून देत व्हता. चढवाय माणूस चालतं, मग उतरवाय का न्हाई? पाप लागलं तर मला लागंल. लागलेलंच हाय."

कुशाबा म्हातारा माणूस. तो पायरीवर बसला, बराच वेळ बसला. कुणी त्याला घाई केली नाही. मग उठत म्हणाला, "तेल कोमट करा. सुकं उखडायचं न्हाई, देवाला लागंल."

समईतलं तेल पळीत कोमट केलं. तुकाबाईनं खुरप्यानं आणि कुशाबानं बोटांनी, असं ते काम बराच वेळ चाललं. वरचे थर लोण्यासारखे आले. खालचे, आजे-पणज्यांच्या हातचे, खापरीसारखे तुकड्या-तुकड्यांनी निघाले. सगळे तुकडे केळीच्या पानावर जमवले, ओढ्यात सोडायला. लोकांना भीती होती की आत गंजून चोथा झालेलं लोखंड निघेल. निघालं ते काळंभोर, नितळ, आणि धारेला निळसर. पुलाच्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून जो लाल रंग देतात, तोही शेंदूरच असतो. इतकी वर्षं याच शेंदरानं बरचीला राखलं होतं आणि यानंच तिला जमिनीवर आणलं होतं. पातं खरोखरच बांबूच्या पानाएवढं होतं. एवढंसं बघून काहींना वाईट वाटलं.

शेपटाकडची गाठ फोडली तेव्हा आतून लोखंडाची कडी निघाली. आतून घासून गुळगुळीत झालेली, एका बाजूला तर झिजून अर्धी झालेली. कडी कशाला, म्हणून लोक एकमेकांना विचारू लागले. म्हसूनं वाकून तिच्यातून बोट घातलं. "दोर," तो म्हणाला, बहुधा स्वतःशीच. "दोर बांदून टाकायचा. परत वडून घ्यायचा."

"म्हंजी आपोआप येत न्हवती?" नथूनं विचारलं.

"एकच असंल त्याच्यापाशी," म्हसू म्हणाला. "ती गेली तर दुसरी कुटली? म्हनून वडायचा."

कुशाबानं बरची पुसली आणि गेणबाच्या हातात दिली. गेणबा म्हसूपुढे येऊन थांबला. "तात्या, आता?"

"आता पिळावर धर," म्हसू म्हणाला.

गेणबानं फेकली. ती वर गेली, सूर्याच्या बाजूला गेल्यामुळे क्षणभर दिसेनाशी झाली, आणि ओढा ओलांडून, बांध ओलांडून, देवाच्या खाचराच्या मध्यात उभी रुतली. इतकी लांब कुणाच्याच आठवणीत गेली नव्हती. लोक धावले. माती घ्यायला झुंबड उडाली. पारावर म्हसू आणि तुकाबाई तेवढी राहिली. म्हसूचा उजवा हात नकळत वर उठला होता, खांद्यापर्यंत येऊन थांबला होता. तुकाबाईनं तो खाली घेतला.

पुढे पंचायत बसली. मान गेणबाकडे गेला. माळावर म्हसूनं हयात असेतो राहावं, असं ठरलं. त्यानंतरचं कुणी बोललं नाही. सहा महिने त्यानं गप्प राहून वाडीला धोक्यात ठेवलं, असं म्हणणारे होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. वेळेवर बोलला म्हणणारेही होते. गेणबा भेटला की रामराम करी, पण माळावर पुन्हा गूळ-शेंगदाणे घेऊन आला नाही. तुकाबाईला त्या साली कुणी सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं नाही. देवाची खोळ उतरवलेल्या हाताचं काय करावं, हे बायकांना ठरवता येत नव्हतं.

खंडेनवमीला बरची काढायला म्हसूच गेला. तेवढं काम त्याच्याकडे राहिलं, कुणी दिलं नाही की काढून घेतलं नाही. त्यानं तुळईला दोरी टाकली, पिळाला बांधली आणि बरची सोडली. थोडी हलली, मग आडवी राहिली. तुकाबाई वाटी घेऊन दाराशी उभी होती. ती आत आली, बोटाचं टोक शेंदरात बुडवलं आणि पात्यावर एक टिकली लावली. बोटाला बराच शेंदूर उरला होता. पात्याकडे पाहून तिनं हात मागे घेतला, बाहेर आली, आणि उरलेला शेंदूर पायरीच्या दगडाला पुसला.